मानधन निधी आल्यावर नको, सात तारखेला द्या

प्रति,
राज्यातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू, महाविद्यालयांचे मा. प्राचार्य आणि उच्च शिक्षण विभागाचे मा. अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका मुलीने मला तिच्या कॉलेजच्या सूचनाफलकाचा फोटो पाठवला. ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि कमवा व शिका योजनेत, म्हणजे शिकता शिकता कॉलेजातच रोज काही तास काम करून मानधन मिळवायच्या योजनेत, काम करते. फलकावर टाइप केलेल्या दोन ओळी, खाली शिक्का. पहिली ओळ : योजनेचे मानधन निधी प्राप्त झाल्यानंतर अदा करण्यात येईल. दुसरी ओळ : याबाबत विद्यार्थ्यांनी कार्यालयात वारंवार चौकशी करू नये.

पहिली ओळ मी माझ्या कॉलेजातही वाचली होती. दुसरी वाचल्यावर मात्र गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. कॉलेजचं नाव देत नाही. हे एकाच कॉलेजातलं दुखणं असतं, तर पत्र त्यांनाच लिहिलं असतं. शिवाय त्या मुलीला उद्या त्याच ऑफिसच्या खिडकीशी उभं राहायचं आहे.

मी बीड जिल्ह्यातली. आई आणि आण्णा ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक गावात यायचा आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, घराला कुलूप. आमच्याकडे पैसा यायचा तो कामाच्या आधी, उचल म्हणून. पावसाळ्यात हातात पडायचा आणि बी-बियाणं, दवाखाना, कुणाचं लग्न यात पावसाळ्यातच संपायचा. मग सगळा हंगाम कोयता चालवून ती उचल फेडायची. फिटली तर ठीक, नाही तर पुढच्या साली डोक्यावर. काम आधी आणि पैसे नंतर, तेही आपल्या नावावर, असा व्यवहार आमच्या घरात कुणी पाहिलेलाच नव्हता.

बारावीनंतर मी शहरात बी.कॉम.ला आले आणि सतराव्या वर्षी मला कमवा व शिकामधून कॉलेजच्या ग्रंथालयात काम मिळालं. ती माझी पहिली नोकरी. तुमच्या दप्तरी ती कल्याणकारी योजना असेल. माझ्यासाठी नोकरीच होती, कारण मस्टर होतं, वेळ होती आणि चूक झाली तर विचारणारं माणूस होतं.

काम साधं होतं. परत आलेली पुस्तकं वर्गांकाप्रमाणे, म्हणजे पुस्तकावरच्या विषयाच्या आकड्याप्रमाणे लावायची, धूळ झटकायची, फाटलेली बाजूला काढायची. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, हे मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. ग्रंथपाल मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की चोरीला गेलेलं पुस्तक एक वेळ नोंदीत सापडतं, पण चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक इमारतीत असूनही हरवलेलंच. आज मी एका सहकारी बँकेच्या लेखा विभागात आहे. एखादी नोंद भलत्या खात्याला पडली की काय होतं ते मला तिथे कुणी नव्याने शिकवावं लागलं नाही.

ग्रंथालयातल्या शिपाई मामांनी मला खळ करायला शिकवली. मैदा आधी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा आणि उतरवण्याआधी चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. खळ पातळ लावायची. जाड लावली तर कागद सुरकुततो आणि पाठ उघडते. कापडाची पट्टी चढवून, घड्या बोटाने दाबून पुस्तक रात्रभर वजनाखाली ठेवायचं. मामा सातवी शिकलेले होते आणि बांधणीच्या कामात कॉलेजातल्या कुणाहीपेक्षा जाणते होते. ज्याच्या हातात कसब आहे त्याच्यापुढे मान खाली घालून शिकायचं, हे मला बी.कॉम.च्या कुठल्याच पेपरात मिळालं नाही.

पहिलं मानधन खात्यात जमा झालं त्या संध्याकाळी मी आण्णांना फोन लावला. ते तेव्हा कर्नाटकातल्या एका फडावर होते. रक्कम ऐकून ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अन् हे फेडायचं कवा?" फेडायचं नाही, काम आधीच झालंय, हे त्यांना पटवायला मला दोनतीनदा सांगावं लागलं.

कुलगुरू महोदय, प्राचार्य महोदय, या योजनेने मला जे दिलं ते हे आहे. रक्कम तर मेसच्या बिलातच जायची. पण मी कुणाची देणेकरी नाही, माझ्या कामाचे पैसे दुसऱ्याकडे येणं आहेत, ही जाणीव सतराव्या वर्षी झाली आणि ती माझ्या घरातल्या आधीच्या कुणालाच झाली नव्हती.

आणि हीच जाणीव तुमच्या उशिराने मोडली जाते. मी दुसऱ्या वर्षाला असताना मानधन हिवाळ्यात थकलं आणि उन्हाळी परीक्षा होऊन गेल्यावर आलं. मधले महिने मेसच्या काकूंनी वहीत लिहून ठेवले. परीक्षेचा फॉर्म मैत्रिणीच्या पैशांतून भरला. एसटीचा पास संपला तेव्हा चालत गेले. काम रोजचं चालू होतं, मस्टरवर सही रोजची होत होती, तरी उधारी माझ्याच नावावर चढत होती. आई-आण्णा मुकादमाची उचल फेडत होते आणि मी मेसची. ज्यातून बाहेर पडायला शहरात आले होते, तेच माझ्यापुढे पुन्हा आलं. काकू भल्या होत्या म्हणून निभावलं. ज्यांना अशा काकू भेटल्या नाहीत ती मुलं दिवाळीला गावी गेली ती परत आलीच नाहीत. त्यांची नावं तुमच्या कागदांत गळतीच्या रकान्यात असतील. कारणाचा रकाना असतो की नाही, मला ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, विद्यार्थी म्हणजे कामगार नव्हे आणि मानधन म्हणजे पगार नव्हे. कायद्याच्या भाषेत ते खरं असेल. पण १९३६ साली, इंग्रजांच्या राज्यात, या देशात वेतन अदायगीचा कायदा झाला आणि हजाराहून कमी माणसं राबणाऱ्या ठिकाणी महिना संपल्यापासून सात दिवसांच्या आत पगार झाला पाहिजे असं त्यात लिहिलं गेलं. कारखान्यातल्या कामगाराला जी मुदत तेव्हा मिळाली, ती कॉलेजच्या बागेत खुरपं चालवणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला आजही नाही. त्याने विचारायलाही जायचं नाही, असं फलकावर लिहिलेलं आहे.

या योजनेची मुळं कुठे आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको, पण या पत्राच्या इतर वाचकांसाठी सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंक्तीला जेवायची आणि स्वतःच्या खाण्यापिण्यासाठी राबायची. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं तेही श्रम करून शिकण्याच्या तत्त्वावरच. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेलं आहे. कर्मवीरांनी मुलांना राबवलं, हे सांगून आजच्या उशिराचं समर्थन करणारे लोक मला भेटले आहेत. त्यांनी एवढंच आठवावं की त्या वसतिगृहात राबणाऱ्या पोराचं संध्याकाळचं ताट अनुदानाची वाट पाहत थांबत नव्हतं. घरात दाणा नसेल तेव्हा चालवणाऱ्यांनी स्वतःचं मोडलं.

आता माझ्या तक्रारी. त्या मी माझ्या अनुभवावरून आणि आजच्या मुलामुलींशी बोलून मांडते आहे.

पहिली उशिराची. ती सगळ्यात मोठी, म्हणून वर सविस्तर सांगितली. कारण म्हणून जे सांगितलं जातं ते दर वेळी तेच : कॉलेजने हजेरी आणि देयकं विद्यापीठाकडे पाठवायची, विद्यार्थी विकास मंडळाने ती तपासायची, त्रुटी निघाली तर परत पाठवायची, मग निधी, मग कॉलेजचा हिस्सा, मग विद्यार्थी. या साखळीतल्या प्रत्येकाचा स्वतःचा पगार वेगळ्या खात्यातून वेळेवर होतो. उशिराची झळ फक्त शेवटच्या कडीला बसते आणि त्या कडीला बोलायची मनाई आहे.

दुसरी, दराची. मेसचा दर दर जूनला वाढतो, खोलीचं भाडं वाढतं, झेरॉक्स वाढते. तासाचा दर मात्र नवं परिपत्रक निघेपर्यंत जिथल्या तिथे. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्ण उमेदवाराला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. ते पूर्ण वेळेचं काम आहे आणि हे दिवसाच्या काही तासांचं, हा फरक मला कळतो. पण बारावी झालेल्या पोराच्या एका तासाची किंमत काय, याचा काहीएक अंदाज सरकारने स्वतःच बांधून दिला आहे. आपापल्या विद्यापीठाचा दर त्याच्याशेजारी ठेवून पाहावा.

तिसरी, कामाच्या प्रकाराची. मी नशीबवान. मला मॅडम आणि मामा मिळाले. माझ्याच वर्गातला एक मुलगा तीन वर्षं खुर्च्या उचलत होता. पाहुणे आले की मंडपात खुर्च्या, पाहुणे गेले की गोदामात खुर्च्या, मध्ये हार-तुरे आणि पाण्याच्या बाटल्या. खुर्च्या उचलण्यात कमीपणा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही, माझ्या आईने मोळ्या उचलल्या आहेत. पण योजनेच्या नावात दोन क्रियापदं आहेत आणि त्या मुलाच्या वाट्याला एकच आलं. शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली असल्याने रिकाम्या जागेवरचं काम या मुलांकडून उरकून घेतलं जातं. निवृत्त झालेल्या शिपायाच्या जागी कमवा व शिकाची दोन पोरं, प्रयोगशाळा परिचर नाही तर त्याच्या जागी एक पोर. माणूस हवा असेल तर पद भरा. सतरा वर्षांच्या मुलाला मिळणाऱ्या तुटपुंज्या दरावर संस्थेचा कारभार रेटू नका.

तिला जोडूनच वेळेची. तास चालू असताना 'जरा ऑफिसात ये' असा निरोप येतो आणि मुलगा वर्गातून उठून जातो. हजेरी कमी भरली की त्याच कॉलेजकडून त्याला पत्र जातं. मुलींचं आणखी वेगळं. अभ्यासिका रात्रीपर्यंत उघडी, वसतिगृहाचं फाटक त्याआधी बंद. मग एक तर काम सोडायचं नाही तर रोज रेक्टरबाईंची बोलणी खायची. प्रथम वर्षाची पुष्कळशी मुलं अजून अठराचीही झालेली नसतात. १४ ते १८ वयाच्या मुलांना संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठच्या आत कामाला लावू नये, मधली सुट्टी द्यावी, आठवड्याची सुट्टी द्यावी, हे १९८६ चा बाल व किशोरवयीन कामगार कायदा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, साध्या दुकानदारालाही सांगतो. कॉलेजने दुकानदाराच्या मागे राहू नये.

चौथी, नावांच्या यादीची. 'गरीब व होतकरू' अशा मथळ्याखाली आमची नावं फाटकाजवळच्या काचेच्या पेटीत लागायची, पालकाचं वार्षिक उत्पन्नही पुढे लिहिलेलं असायचं. आख्खं कॉलेज येता-जाता वाचायचं. माझी एक मैत्रीण निवड होऊनही केवळ त्या यादीमुळे कामावर आली नाही. तिच्या आईला धुणीभांडी वाढवावी लागली. उत्पन्नाचा दाखला तुम्ही तपासा, जरूर तपासा, पण तो फाइलमध्ये ठेवा.

पाचवी, दाखल्याची. नव्या शैक्षणिक धोरणात बाहेरच्या कंपनीत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. ज्या मुलीने कॉलेजच्याच ग्रंथालयात, हिशेबात, संगणक कक्षात दोन वर्षं इमाने काम केलं, तिला काय? पहिल्या मुलाखतीत मला अनुभव विचारला तेव्हा सांगण्यासारखं खूप होतं, दाखवायला कागद नव्हता.

दर वर्षी १५ ऑक्टोबरला आपण सगळे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन साजरा करता. पुस्तकांचं प्रदर्शन मांडलं जातं, फोटो निघतात. ती पुस्तकं फळीवरून काढून, पुसून, टेबलांवर मांडणारे आणि संध्याकाळी परत वर्गांकानुसार लावणारे हात बहुतेक वेळा कमवा व शिकाचे असतात, आमच्याकडे तरी तेच होते. कलामांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लहान वयात, रामेश्वरमला धावत्या गाडीतून टाकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करण्याच्या कामात मदत केली होती आणि त्या पहिल्या कमाईचा अभिमान त्यांना म्हातारपणीही वाटत होता. भाषणांत ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते. सांगणाऱ्याच्या समोर, मागच्या रांगेत, चार महिन्यांचं मानधन थकलेली मुलं उभी असतात. त्यांना ती गोष्ट कशी ऐकू येत असेल?

माझ्या मागण्या अशा आहेत.

महिन्याचं मानधन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावं, अनुदान आलेलं असो वा नसो. त्यासाठी प्रत्येक कॉलेजने योजनेतल्या विद्यार्थ्यांच्या तीन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच वेगळी काढून ठेवावी आणि विद्यापीठाचा निधी आला की ती भरून घ्यावी. मी रोज हिशेबात बसते, म्हणून खात्रीने सांगते की स्नेहसंमेलन आणि क्रीडा महोत्सव पार पाडणाऱ्या संस्थेला एवढी तरतूद झेपते. ज्या लहान कॉलेजांना खरोखर झेपत नाही त्यांना विद्यापीठाने जुलैमध्येच आगाऊ रक्कम द्यावी. पुढचा पैसा सोडण्याआधी मागच्या महिन्याचं मानधन विद्यार्थ्यांना पोचलं की नाही, हे विद्यापीठाने त्यांच्या खात्यातल्या नोंदींवरून तपासावं, प्राचार्यांच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये.

दर वर्षी जूनमध्ये तासाच्या दराचा फेरविचार व्हावा आणि नवा दर प्रवेशाच्या वेळीच जाहीर व्हावा.

प्रत्येक विद्यार्थ्याला कामाचं कार्ड मिळावं : काम कोणतं, कुणाच्या हाताखाली, वेळ काय, या महिन्यात तास किती भरले. त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि एक प्रत विद्यार्थ्याकडे राहावी. आज मस्टर ऑफिसात असतं आणि तास कमी लागले तर आमच्याकडे दाखवायला काहीच नसतं. तास चालू असताना आणि परीक्षेच्या काळात बोलावू नये. अठराच्या आतल्या मुलांना आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना रात्रीचं काम देऊ नये. खुर्च्या उचलायला लावाच, पण वर्षातले काही महिने तरी जिथे शिकवणारं माणूस आहे अशा ठिकाणी प्रत्येकाला काम मिळावं, मग ते ग्रंथालय असो, प्रयोगशाळा असो, बाग असो की हिशेब. आमच्या मामांसारखी माणसं प्रत्येक कॉलेजात आहेत. शिकवण्याचा मान त्यांनाही द्या.

निवडीची यादी अर्ज क्रमांकाने लावावी, नावं आणि उत्पन्न लिहून नको.

काम पूर्ण करणाऱ्याला तास, कामाचं स्वरूप आणि देखरेख करणाऱ्याची सही असलेला अनुभवाचा दाखला मिळावा. अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसत असेल तिथे श्रेयांकही मिळावेत.

आणि फलकावरची ती दुसरी ओळ काढावी. तिच्या जागी मानधनाबद्दल कुणाकडे विचारायचं त्या माणसाचं नाव, त्याची वेळ आणि किती दिवसांत उत्तर मिळेल ते लिहावं. आपल्या कामाचे पैसे मागायला येणारं पोर उद्धट नसतं. ते मागायला मला सतराव्या वर्षी फार धीर गोळा करावा लागला होता आणि पुढे नोकरीत तोच उपयोगी पडला. तुमच्या ऑफिसच्या खिडकीशी मुलं हे शिकत असतील तर शिकू द्या.

दिवाळीची सुट्टी लागण्याआधी मागचं सगळं थकलेलं मानधन खात्यांत जमा व्हावं, ही माझी तातडीची विनंती आहे. मेसची उधारी फेडल्याशिवाय पुष्कळ मुलांना त्या सुट्टीत गावी जाता येत नाही. बाकीच्या मागण्यांवर विद्यापीठांनी पुढच्या सत्राच्या आत काय ठरवलं, ते संकेतस्थळावर जाहीर करावं. कॉलेजांनी तीन महिन्यांच्या तरतुदीचा हिशेब कसा मांडावा यासाठी कुणाला मदत लागली तर माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊन बसायची माझी तयारी आहे.

कळावे,

आपली,
कमवा व शिका योजनेतील एक माजी विद्यार्थिनी
(सध्या लेखा विभाग, सहकारी बँक)